राजाकडे पत्रे मागणारा नहेम्या

शास्त्रपाठ : नहेम्या १:१-४, २:१-९. प्रेषितांची कृत्ये १६:६-१०.



आमच्या बीदर-कलबुर्गीकडील मंडळ्यांत प्रार्थनासभेच्या शेवटी विनंत्या विचारल्या की एक विनंती हमखास येते : "मुलाच्या व्हिसासाठी प्रार्थना करा." औरादला जा, भालकीला जा, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंदकडे जा, पाऊस, आजार आणि परीक्षा यांच्या जोडीला व्हिसा आता कायमचा येऊन बसला आहे. पलीकडे पुणे-बंगळूरला शिकून गेलेली आपली मुले अमेरिकेच्या परवान्यासाठी थांबलेली असतात. तेथे वर्षाला ८५,००० जागा आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणून कित्येक वर्षे चिठ्ठ्या टाकून निवड झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. गवंडीकाम करणाऱ्यापासून संगणकावर बसणाऱ्यापर्यंत सर्वांना हा उंबरठा आहे.

ही प्रार्थना आम्हीही करतो, आणि ती करावीच. परंतु ती करताना आपण देवाकडे नेमके काय मागतो? आणि उत्तर "नाही" असे आले म्हणजे त्या घराकडे कोणत्या नजरेने पाहतो? या दोन प्रश्नांसाठी नहेम्याचे पुस्तक उघडू या.

नहेम्या शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. जागा मानाची व राजाच्या अगदी जवळची. किसलेव महिन्यात त्याचा भाऊ हनानी यहूदाहून आला आणि यरुशलेमेचा कोट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही बातमी त्याने दिली. नहेम्या रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली. पण राजापुढे तोंड उघडण्याची वेळ आली ती नीसान महिन्यात. मधे चार महिने गेले. ज्यांनी कचेरीच्या बाकावर बसून आपल्या नावाची हाक येण्याची वाट पाहिली आहे, त्यांना हे चार महिने समजावून सांगण्याची गरज नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे शिकवताना आपले सहसा लक्ष जात नाही. याच राजाने पूर्वी पत्र पाठवून यरुशलेमेचे बांधकाम थांबवले होते (एज्रा ४:१७-२३). म्हणजे ज्या दप्तरातून नकार निघाला होता, त्याच दप्तराच्या मालकापुढे नहेम्याला उभे राहायचे होते. तो फार घाबरला असे तो स्वतःच लिहितो. राजाने विचारले, तुझा चेहरा का उतरला? तेव्हा त्याने आजाराची सबब सांगितली नाही. खरे कारण सांगितले. तुला काय पाहिजे, असे राजाने विचारताच त्याने मनातल्या मनात स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि लागलीच राजाला उत्तर दिले.

त्याने काय मागितले ते नीट पाहा. किती दिवस लागतील असे राजाने विचारले तेव्हा त्याने मुदत सांगितली. महानदीपलीकडील अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे मागितली, म्हणजे ते आपल्याला यहूदापर्यंत जाऊ देतील. आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावे लाकडाचा हुकूम मागितला. मुदत, रस्त्याचा परवाना, सामानाचा हुकूम, चार महिन्यांच्या प्रार्थनेत या माणसाने हे सर्व योजून ठेवले होते. प्रार्थना केली म्हणून कागद नको, असे तो म्हणाला नाही. कागद मिळाले तेव्हा आपल्या हुशारीने मिळाले असेही त्याने लिहिले नाही, देवाचा वरदहस्त आपल्यावर होता म्हणून मिळाले असे लिहिले. (जाता जाता : एज्राला राजाकडे शिपाई मागण्याची लाज वाटली होती, तर नहेम्याबरोबर राजाचे सरदार व स्वार गेले. दोघेही देवाचेच सेवक. तेव्हा कोणी सावधगिरी बाळगली तर त्याचा विश्वास कमी, असे लगेच ठरवू नये.)

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आमच्या सरहद्दीच्या भागात कागदाचे दुखणे जुने आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी दप्तर उर्दूत चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुना बीदर जिल्हाच वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग आज महाराष्ट्रात आहे. जहिराबाद व नारायणखेड तेलंगणात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद कर्नाटकात. म्हणून एकाच घरात आजोबांचा जमिनीचा कागद उर्दू, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मराठी, मुलाचा जन्मदाखला कन्नड आणि पासपोर्ट इंग्रजी असा प्रकार सापडतो. एकात आडनाव आहे, दुसऱ्यात आडनावाच्या जागी गावाचे नाव, तिसऱ्यात नुसते बापाचे नाव. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेले नाव आणखी चौथेच. साहेब विचारतो, हे चार जण कोण?

अशा वेळी लोक पाळकसाहेबांकडे येतात. नाव दुरुस्तीसाठी शपथपत्र करायचे, वृत्तपत्रात जाहीर करायचे, हेलपाटे घालायचे, त्यापेक्षा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक अक्षर बदलून दाखला द्या, जन्माचे साल दोन वर्षे पुढे ओढा, अशी विनवणी होते. मागणाऱ्याची गरज खरी असते. त्याची आई दाराशी रडत उभी असते. तरी पाळकाने ते करू नये, आणि मंडळीने त्याला ते करावयास लावू नये. त्या वहीत आपल्या पूर्वजांची नावे प्रभूच्या मेजासमोर लिहिली गेली आहेत. त्याऐवजी मंडळीतील दोन शिकलेल्या माणसांनी त्या कुटुंबाबरोबर तालुक्याच्या कचेरीत जावे, एक दिवसाची मजुरी बुडाली तरी बुडू द्यावी, आणि नाव सरळ मार्गाने दुरुस्त करून द्यावे. आमच्या मते ही सेवा वेदीजवळच्या सेवेहून कमी नाही.

पासपोर्ट हाती आला तरी दार उघडले असे होत नाही. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टात नोंद असते, आणि सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, अमिरात धरून अठरा देशांत मजुरीस जावयाचे तर त्याला वेगळी परवानगी लागते. १९८३ साली झालेल्या कायद्यात ही तजवीज आहे. ती परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आहे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे देश सोडून कामास जाणाऱ्यांचा रक्षक. आमची तरुण मुले त्याला रक्षक म्हणत नाहीत, अडथळा म्हणतात. त्यांची चीड आम्हांस समजते. पण करारात पगार किती लिहिला आहे, मालक कोण आहे, मजुराचा दहा लाखांचा विमा उतरला आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती खिडकी आहे. नोंदणी असलेल्या एजंटाने मजुराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेऊ नये, असा नियम आहे. आपल्या गावात किती दिले जातात ते प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्यास विचारावे. पावती मिळाली काय, हेही विचारावे.

परक्या मुलखात राबणाऱ्याची मजुरी बुडते, ही गोष्ट पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. लाबानाच्या घरी याकोबाचे वेतन दहा वेळा बदलले गेले, आणि तो तर सख्खा मामा होता. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे, आणि त्या मजुरांत आपल्या देशात राहणारा परकाही स्पष्ट नाव घेऊन मोजला आहे (अनुवाद २४:१४-१५). तेव्हा परक्या देशी जाणाऱ्याचा करार कोणी तरी तपासावा, ही कल्पना काही दिल्लीच्या बाबूंच्या डोक्यातून प्रथम निघाली नाही.

हा लांबचा रस्ता टाळण्यासाठी जवळची वाट दाखवणारे भेटतात. "आता पर्यटकाच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो." फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील काही तरुणांची बातमी सर्व वृत्तपत्रांत आली. त्यांना रशियात मदतनिसाचे काम मिळेल असे सांगून नेण्यात आले. तेथे त्यांना वाचता न येणाऱ्या रशियन भाषेतील कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या, आणि ते पोहोचले युक्रेनच्या युद्धाच्या आघाडीवर. त्याच जाळ्यात सापडलेला सुरतचा एक तरुण त्याच महिन्यात तेथे मारला गेला. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने एजंटांवर छापे घातले. दोन्ही सरकारांत बोलणी झाली आणि आपल्या जिल्ह्यातील ते तरुण सप्टेंबर २०२४ मध्ये घरी परतले. ते आपल्या मंडळीतले नव्हते, आपले शेजारी होते. त्या सात महिन्यांत आपल्या किती मंदिरांत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली? शोमरोनी माणसाचा दाखला आपण दरवर्षी रविवारच्या शाळेत शिकवतो.

परवानगी न मिळण्याचे दुःख मराठी मंडळीच्या जन्मापासूनचे आहे, हे आपल्या मुलांना सांगावयास हवे. बीदरकडे मेथडिस्ट मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, पण त्याच्या फार आधी मुंबईत मराठी बोलणाऱ्यांसाठी जे पहिले अमेरिकन मिशनरी आले, ते बिनपरवान्याचे परदेशी होते. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा मिळाली आणि ते कलकत्त्यास आले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटले. सर्वांना देश सोडण्याचा हुकूम झाला. त्यांतील सॅम्युएल न्यूएल आपली पत्नी हॅरिएट हिच्यासह मॉरिशसला निघाले. वाटेत समुद्रात त्यांची मुलगी जन्मली आणि वारली, व ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये हॅरिएटही वारली. तिचे वय एकोणीस वर्षांचे होते. ॲडोनिराम जडसन भटकत ब्रह्मदेशास पोहोचले.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने चांगले गृहस्थ होते, पण यांना परत पाठवा असे कलकत्त्याचे हुकूम त्यांच्या टेबलावर होते. महिने गेले. हे दोघे मराठी शिकत थांबले. शेवटी वर्षाच्या अखेरीस धीर सुटून ते गुपचूप गलबताने कोचीनकडे निघाले, सिलोनला जावे या हेतूने. कोचीनला ते अडवले गेले व त्यांना परत मुंबईस आणण्यात आले. गव्हर्नर साहजिकच नाराज झाले. हॉलसाहेबांविषयी आमच्या मनात मोठा आदर आहे, तरी हे पळणे त्यांनी बरे केले असे आम्हांस म्हणवत नाही. आणि त्याचा उपयोगही झाला नाही. उपयोग झाला तो पुढच्या गोष्टीचा. डिसेंबर १८१३ मध्ये, जहाजात बसवण्याचा दिवस ठरलेला असताना, त्यांनी गव्हर्नरांना उघड व स्पष्ट अर्ज लिहिला. आम्ही कोण, कशासाठी आलो, आणि देवाच्या न्यायासनापुढे आपण उभे राहू तेव्हा या हकालपट्टीचे काय उत्तर द्याल, असे त्यात होते. गव्हर्नरांनी त्यांना राहू दिले. त्याच साली लंडनमध्ये कंपनीच्या सनदेचा नवा कायदा झाला होता, आणि मिशनऱ्यांना परवाना मागण्याची वाट १८१४ पासून खुली झाली. ज्यांनी त्या कायद्यासाठी इंग्लंडमध्ये सह्या गोळा केल्या त्यांना मुंबईतील या दोघांची नावेही बहुधा ठाऊक नसतील. पुढे १८२६ मध्ये त्यांच्या मिशनने मराठी नवा करार छापून पुरा केला, आणि त्याच वर्षी २० मार्च रोजी सुवार्ताफेरीवर असताना हॉल पटकीने वारले.

आम्ही ही हकिकत सांगितली की कोणी तरी म्हणते, "पाहा, शेवटी दार उघडलेच!" होय, हॉलसाठी उघडले. हॅरिएटसाठी उघडले नाही. तिचा विश्वास हॉलच्या विश्वासाहून कमी होता काय?

ज्या गोष्टीने आमच्या मनाला टोचणी लागली आहे ती ही. आपल्या सभांत ज्याला व्हिसा मिळाला तो पुढे येऊन साक्ष देतो, उपकारस्तुतीचे अर्पण देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याला मिळाला नाही तो मागच्या बाकावर बसू लागतो. हळूहळू येईनासा होतो. आमच्या माहितीतील एका तरुणाचे सर्व कागद पुरे झाले होते. शेवटी आखाती देशांनी मान्य केलेल्या केंद्रात वैद्यकीय तपासणी झाली. लहानपणी त्याला क्षय झाला होता, औषधाचा पूर्ण कोर्स झाला होता, तो ठणठणीत बरा होता, शेतात दोन माणसांचे काम करीत होता. पण छातीच्या फोटोत जुना डाग दिसला आणि कागदावर "अपात्र" असा शिक्का बसला. अशा जुन्या डागावरही तेथे नकार मिळतो, हे त्याला कोणी आधी सांगितले नव्हते. सावकाराकडून काढलेले पैसे एजंटाकडे जाऊन बसले होते. आणि मंडळीत कुजबुज काय झाली? "त्यांच्या घरात काही तरी असेल." जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले (योहान ९:१-३). दोन हजार वर्षे झाली, आपण तोच प्रश्न क्षयाच्या डागाविषयी विचारतो.

या कुजबुजीचे मूळ आपल्या साक्षींत आहे. व्हिसा मिळणे म्हणजे देवाची कृपा, असे आपण इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने म्हटले, की न मिळणे म्हणजे देवाची नाराजी, हे मुलांनी न शिकवता ताडले.

आता पौलाकडे पाहा. तो तिमथ्य व सीला यांच्यासह आशियात वचन सांगावयास निघाला. आत्म्याने मना केले. मुसियापर्यंत येऊन बिथुनियात शिरण्याचा प्रयत्न केला. येशूच्या आत्म्याने जाऊ दिले नाही. लूक कारण देत नाही. ओळीने दोन नकार, आणि दोन्ही प्रत्यक्ष देवाकडून, आणि ज्याला मिळाले तो प्रेषित पौल! याहून मोठा पुरावा कोणाला हवा? नकार मिळालेला माणूस देवाच्या मनातून उतरलेला नसतो.

पुढे त्रोवस येथे त्याला मासेदोनियाच्या माणसाचे दर्शन झाले, हे आपण जाणतो. परंतु रविवारच्या शाळेतील शिक्षकांना आमची एक विनंती आहे. मुसियाहून थेट मासेदोनियावर उडी मारू नका. त्या मधल्या रस्त्यावर मुलांना थोडे चालू द्या. पौल चालत होता तेव्हा त्याला पुढचे दर्शन ठाऊक नव्हते. ज्या घरात काल नकाराचा कागद आला तेथे जाऊन, "याहून मोठे दार उघडेल" असे सांगण्याची घाई आपण करतो. तसे वचन आपल्याजवळ नाही. आणि मासेदोनियात तरी काय झाले? फिलिप्पै शहरात पौल व सीला यांना फटके बसले आणि खोड्यात पाय अडकले. परवानगी मिळालेल्या देशातही रात्र असते, हे आखातातून परतलेले आपले भाऊ सांगतील, जर आपण त्यांना नव्या घराची किंमत विचारण्याऐवजी ते विचारले तर.

बिथुनियाचे काय झाले? पौल तेथे गेल्याचा उल्लेख नाही. पण पेत्राचे पहिले पत्र उघडा. ज्यांना ते लिहिले त्या प्रांतांच्या नावांत बिथुनिया आहे. आणि इसवी सन ११२ च्या सुमारास तेथील रोमी अधिकारी प्लिनी याने बादशहा त्रायानाला कळवले की हे ख्रिस्ती लोक शहरांतच नव्हे तर खेड्यापाड्यांतही पसरले आहेत. तेथे सुवार्ता कोणी नेली त्यांची नावे आपल्याजवळ नाहीत.

शेवटी एक कामाची गोष्ट. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिला पौलाने रोमच्या मंडळीच्या नावे पत्र दिले आहे (रोम १६:१-२) : तिचा स्वीकार करा, तिला जे लागेल त्यात साहाय्य करा. मंडळीला व्हिसा देता येत नाही, असे पत्र देता येते. पाळकसाहेबांनी परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते द्यावे. सौदी अरेबियात उघड मंदिर नाही, पत्र वाचणार कोण? तेथे जाणाऱ्याच्या बाबतीत पत्र उलट दिशेने जावे. मंडळीतून कोणी तरी महिन्यातून एकदा त्याला लिहावे किंवा फोन करावा, आणि त्याच्या बायकामुलांकडे जाऊन बसावे. तरुण संघाने एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासून देण्याचे काम अंगावर घ्यावे. पैसे देण्यापूर्वी, नंतर नव्हे. आणि ज्याचे जाणे रहित झाले त्याचे नाव विनंत्यांच्या यादीतून खोडू नये. व्हिसाची विनंती संपली असेल, सावकाराचे हप्ते अजून चालू आहेत.